गाडीत शेगडी मांडण्याआधी

मैत्रिणींनो, नांदेडहून माहूर, लातूरहून तुळजापूर. गाडीतच गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी असली तर लॉजची कटकट नको, हे खरंच! पण ‘ह्यां’नी जुनी मिनीबस पाहून ठेवली असेल, तर पैसे मोजण्याआधी आर.टी.ओ.त चौकशी करायला लावा.

आत ओटा किती छान बसवलाय, ते तिथं नंतर बघतात. आधी विचारतात, गाडी घरची की भाड्याची? केंद्र सरकारच्या २००४ सालच्या यादीत कॅम्पर व्हॅन दोन्हीकडे आहे. स्वतःच्या वापराची असेल तर खासगी वाहनांत, एरवी परिवहन वाहनांत. परिवहन म्हटलं की पिवळी पाटी, परमिट, ठरावीक मुदतीनं फिटनेस. आणि कराचा हिशेबही निराळा.

सीटा काढून पलंग बसवायचे तर आर.टी.ओ.ची मंजुरी आधी हवी (१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम). आरसी बुकात मिनीबसच राहिली, तर करही मिनीबसचाच.

आणि नणंदेच्या जाऊबाईंना ‘डिझेल टाका, वर दोन हजार द्या’ म्हणून गाडी दिलीत, की पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं दिल्यासारखी झाली. वाटेत अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा नेमकं तेच विचारते.