‘वजन वाढले’ : स्थूलतेविषयीच्या मराठी बोलण्याचे व्याकरण व शिष्टाचार

प्रास्ताविक

एखाद्याचे वजन वाढले आहे हे त्याला सांगण्याचे अनेक मार्ग मराठीत आहेत. त्यांपैकी कोणता निवडला यावर ते वाक्य आपुलकीची विचारपूस ठरते की टोमणा, हे अवलंबून असते. ही निवड केवळ सौम्य वा कठोर शब्दाची आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात वाक्यात कर्त्याचे स्थान कोणाला दिले, याला अधिक महत्त्व आहे. प्रस्तुत लेखात प्रमाण मराठी व खानदेशातील व्यवहार यांच्या आधारे या मुद्द्याचा विचार केला असून तुलनेसाठी सर्बियन भाषेतील काही रूपे घेतली आहेत.

कर्ता कोण?

‘तू जाड झालास’ या वाक्यात व्यक्तीच कर्ता आहे आणि ‘जाड’ हे विधिविशेषण थेट तिला लागते. हेच विशेषण कापडाला, सुताला, भाकरीलाही लागत असल्याने माणूस वस्तूंच्या पंक्तीत जाऊन बसतो. ‘तुम्ही जाड झालात’ असे आदरार्थी अनेकवचन योजले तरी वाक्याची धार कमी होत नाही. उलट आदर आणि आघात एकत्र आल्याने ते अधिक विचित्र वाटते. (‘लठ्ठ’ या शब्दाचे नशीब थोडे बरे आहे. पगार लठ्ठ असल्याचे कोणालाच वाईट वाटत नाही.)

‘तुमचे वजन वाढले’ या वाक्यात ‘वजन’ हा नपुंसकलिंगी शब्द कर्ता होतो व व्यक्ती षष्ठीत मागे सरते. क्रियापद अकर्मक असल्यामुळे घटना आपोआप घडल्यासारखी वाटते व दोष कोणाकडेच जात नाही. ‘पोट सुटले’ या प्रयोगात तर एका अवयवानेच परस्पर स्वातंत्र्य घेतलेले असते. अहिराणीत ‘वाढले’चे ‘वाढनं’ होते, पण कर्त्याची ही मांडणी तीच राहते.

तिसरा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे. ‘तिला सासर मानवले’, ‘त्याला इथली हवा मानवली’ या वाक्यांत शरीराचा उल्लेखच नाही. व्यक्ती चतुर्थीत आहे आणि कर्तेपण कारणाकडे, म्हणजे सासरकडे किंवा हवेकडे, गेले आहे. वजन वाढल्याची वार्ता येथे यजमान घराची स्तुती होऊन येते. खानदेशात आखाजीला माहेरी आलेल्या लेकीच्या बाबतीत हे वाक्य विशेष अर्थपूर्ण असे. सासरचे जे तिला बोलता येत नसे, ते आई तिच्या अंगावरून वाचीत असे. ‘वाळलीस गं’ या उद्गारात कर्ता लेक असली तरी ठपका सासरवर असतो. म्हणजे व्याकरण निम्मेच काम करते. उरलेले काम नाते व प्रसंग करतात. म्हणूनच थायरॉईडच्या विकाराने किंवा बाळंतपणानंतर वजन वाढलेल्या स्त्रीला ‘सासर मानवलेलं दिसतंय’ असे आज कोणी म्हटले, तर त्या वाक्यातील जुनी माया तिच्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

आणखी एक विषमता लक्षात घेण्याजोगी आहे. वजन ‘वाढते’, पण कमी ‘केले जाते’. ‘तिने वजन कमी केले’ हे सकर्मक वाक्य तिला श्रेय देते. ‘त्याने वजन वाढवले’ हे प्रयोजक रूप मात्र पैलवान किंवा वैद्यकीय सल्ल्याने आहार वाढविणारा रुग्ण यांच्यापुरतेच स्वाभाविक वाटते. ‘त्याचे वजन घटले’ असे अकर्मक रूप आले की ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम आजाराची शंका येते.

सर्बियनमधील समांतर

सर्बियनमध्ये वजन वाढण्यासाठी ‘उगोयिति से’ हे आत्मवाचक क्रियापद आहे. पुरुष ‘उगोयिओ साम से’ म्हणतो, तर स्त्री ‘उगोयिला साम से’. म्हणजे मराठीतील ‘झालो-झाले’प्रमाणे तेथेही लिंगभेद क्रियारूपात उमटतो. मूळ ‘गोयिति’चा अर्थ पोसणे, धष्टपुष्ट करणे असा असून ते गुराढोरांनाही लागते. त्याचा धातू व संस्कृत ‘जीव्’ यांचा उगम एकच आहे. जगविणे आणि पुष्ट करणे या कल्पना किती जवळच्या होत्या, हे त्यावरून कळते. याहून लक्षणीय असे दुसरे क्रियापद ‘पोप्राविति से’ हे आहे. त्याचा मूळ अर्थ सुधारणे असा, परंतु वजन वाढल्याचे सौम्यपणे सांगतानाही ते वापरतात. ‘तब्येत सुधारली’ हा मराठी प्रयोग नेमका असाच आहे.

बदललेला संदर्भ

सुधारणे आणि वजन वाढणे यांचे हे समीकरण अन्नटंचाईच्या काळाशी सुसंगत होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल व अतिकृश हे दोघेही निंदित पुरुषांत गणले आहेत. लोकव्यवहाराने मात्र भीती बाळगली ती कृशतेचीच. बाळ ‘गुटगुटीत’ असल्याचे कौतुकही दृष्ट लागेल म्हणून जपून केले जाई.

आज दोन्ही स्थिती शेजारी-शेजारी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) देशातील 24 टक्के स्त्रिया अतिवजनी वा लठ्ठ, तर 18.7 टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आढळल्या. साक्री वा शिरपूर तालुक्यातील आदिवासी पाड्यावरच्या अंगणवाडीत ‘वजन वाढले’ हे आईला दिलासा देणारे वाक्य असते. धुळे शहरातील प्राध्यापक-कक्षात तेच शब्द अवघडलेपणा आणतात.

वर्गात परिस्थिती अधिक नाजूक असते. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ या संबोधनांत विशेषणाचे नाम होते आणि त्या विद्यार्थ्याची अन्य ओळख पुसली जाते. ‘लठ्ठपणा असलेली व्यक्ती’ ही वैद्यकीय लेखनातील रचना याच कारणासाठी सुचविली गेली. मराठीत ती अवजड वाटते, पण व्यक्ती व विकार यांत ती अंतर राखते. वजनाचा विषय काढण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घ्यावी, असेही आता डॉक्टरांना सुचविले जाते. मराठी संभाषणात असा प्रश्न अद्याप रुळलेला नाही. ‘तब्येत कशी आहे?’ हा जुना प्रश्न मात्र त्याच्या बराच जवळ जातो, कारण वजनाविषयी बोलायचे की नाही, हे त्यात ऐकणाऱ्याला ठरविता येते.