इंजिनाचा श्वास

पेणच्या गल्ल्यांतून हिंडताना एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. ओट्यावर, पडवीत, माळ्यावर, जेथे म्हणून जागा असेल तेथे गणेशमूर्ती ओळीने मांडून ठेवलेल्या असतात आणि कारागीर मांडी घालून त्या घाशीत बसलेले असतात. पेणजवळच्या हमरापूर आणि जोहे या गावांतही हेच दिसते. घासताना मूर्तीची पांढरी भुकटी हवेत उडते. कारागिरांच्या भुवया, केस आणि हातांवरील लव पांढरी होऊन जाते. अशा वेळी जाणता कारागीर नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधल्यावाचून कामास हात घालीत नाही. एक दिवस भुकटी नाकात गेली तर शिंका येतील, एवढेच. परंतु वर्षानुवर्षे ती छातीत जात राहिली तर काय होईल, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही.

याच कारखान्यासमोरून मोटारी जातात. त्याही श्वास घेतात आणि त्यांच्याही नाकावर एक फडके बांधलेले असते. त्यास हवेची गाळणी म्हणता येईल. गॅरेजमधील मेस्त्री तिला एअर फिल्टर म्हणतात. ही गाळणी इंजिनाच्या शेजारी एका काळ्या डब्यात बसविलेली असते, म्हणून ती सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. जी वस्तू दिसत नाही तिची आठवणही होत नाही, आणि बहुतेक घोटाळा तेथेच होतो.

मोटारीला हवा कशासाठी लागते? चुलीला लागते त्याचसाठी. फुंकर घातल्यावाचून चूल पेटत नाही, तसे हवेवाचून पेट्रोल जळत नाही. मात्र इंजिनाची भूक चुलीपेक्षा फार मोठी आहे. एक किलोग्रॅम पेट्रोल पूर्णपणे जळण्यास जवळजवळ पंधरा किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे पाऊण किलोग्रॅम भरते. म्हणजे लिटरमागे सुमारे अकरा किलोग्रॅम हवा झाली. हवा ही अतिशय हलकी वस्तू असल्यामुळे एवढी हवा मोजावयास गेलो तर ती नऊ हजार लिटरांहून अधिक भरते. पेणहून नागोठणे मार्गे रोह्यास जाण्याचे अंतर सुमारे चाळीस किलोमीटर आहे. एका लिटरात सोळा किलोमीटर धावणारी मोटार या प्रवासात अडीच लिटर पेट्रोल जाळील आणि बावीस हजार लिटरांहून अधिक हवा ओढून घेईल. धडधाकट माणूस दिवसभरात साधारण दहा-अकरा हजार लिटर हवा श्वासावाटे घेतो. म्हणजे आपण दोन दिवसांत जेवढी हवा घेतो, तेवढी हवा मोटार तासाभरात गिळते!

आता ही हवा कोणत्या रस्त्यावरची, याचा विचार करा. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. उखडलेला रस्ता, खडीचे ढीग आणि पुढे चाललेला एखादा डंपर अशा स्थितीत मागच्या मोटारीस धुळीच्या लोटातूनच वाट काढावी लागे. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात धूळ, हा या वाटेवरील प्रवाशांच्या परिचयाचा ऋतुक्रम आहे.

धूळ दिसावयास मऊ असते. ती बोटांवर घेऊन चोळली तर पिठासारखी भासते. परंतु तीत वाळूचे अत्यंत सूक्ष्म कण मिसळलेले असतात आणि ते ज्या लोखंडाचे इंजिन घडविलेले असते त्या लोखंडाहून कठीण असतात. इंजिनाच्या पोटात सिलिंडर नावाची गोल नळकांडी असते. तीत दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, एका मिनिटात हजारो वेळा वरखाली होतो. दट्ट्या आणि नळकांडी यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. तो इतका पातळ असतो की त्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजावी लागते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला एक केससुद्धा साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. पाच-दहा मायक्रॉनचा वाळूचा कण या तेलात शिरला की त्याची सहाण होते आणि दट्ट्याचे चंदन. देवघरातील चंदनाचे खोड दररोज थोडे थोडे झिजते. आज किती झिजले हे कोणास दिसत नाही, पण वर्षाअखेर ते बोटभर कमी झालेले असते. तेथे निदान गंध तरी मिळते. इंजिनाच्या झिजण्यातून काहीच हाती लागत नाही.

आमच्या आळीतील एक गृहस्थ स्वतःची मोटार पेण-रोहा मार्गावर भाड्याने चालवीत. सारी आळी त्यांना काका म्हणे. मोटार इतकी स्वच्छ ठेवीत की लहान मुलांनी काचेला बोट लावलेले त्यांना खपत नसे. एकदा गाळणी बदलण्याची वेळ आली. नेहमीची गाळणी दुकानात नव्हती. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी निम्म्या किमतीत मिळाली. ती डब्यात किंचित सैल बसत होती. अर्ध्या बोटाचे अंतर, त्याने काय होणार, असे म्हणून काकांनी झाकण लावले आणि क्लिपा दाबल्या. पुढील दीड वर्ष मोटार उत्तम चालली. मग सकाळी गाडी सुरू करताना मागून निळसर धूर येऊ लागला आणि इंजिनातील तेल कमी होऊ लागले. मेस्त्रीने डबा उघडला. गाळणीचा कागद बराचसा स्वच्छ होता, परंतु तिच्या कडेने, जेथे फट होती तेथे, मुंग्यांच्या रांगेसारखी धुळीची तांबूस रेघ उमटली होती आणि ती थेट इंजिनाकडे गेली होती. मेस्त्री म्हणाला, “काका, गाळणीनं तिचं काम केलं असतं हो, पण तुम्ही हवेला मागचं दार उघडं ठेवलंत.”

सिलिंडर पुन्हा कातून घ्यावे लागले, दट्टे आणि रिंगा नव्या घालाव्या लागल्या. या कामास तीन आठवडे लागले. तेवढे दिवस भाड्याचे उत्पन्न बुडाले आणि मुलाच्या पुढील शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कम त्यातच खर्ची पडली. गाळणीत वाचविलेले पैसे किती होते, हे काकांनी पुढे कोणासही सांगितले नाही.

तेव्हा चांगली गाळणी ओळखावी कशी, हे पाहू. त्यासाठी ती काम कसे करते हे आधी समजून घ्यावे लागेल. पुष्कळांची अशी कल्पना असते की गाळणी म्हणजे बारीक भोकांची चाळण. मोठा कण अडकतो, लहान निसटतो. हे अर्धेच खरे आहे. गाळणीचा कागद झाडाच्या लगद्यापासून केलेला असतो आणि त्याला राळेसारख्या द्रव्याचे पाणी दिलेले असते. त्यात असंख्य तंतू एकमेकांत गुंतलेले असतात. हवेस या तंतूंच्या जाळीतून वळणे घेत जावे लागते. सुकेळी खिंडीच्या वळणावर एस.टी. वळली की उभे असलेले प्रवासी एका बाजूस कलंडतात, कारण गाडी वळली तरी त्यांचे शरीर सरळच जाऊ पाहते. धुळीच्या कणाचे तसेच होते. हवा तंतूस वळसा घालून निघून जाते, जड कण मात्र सरळ जाऊन तंतूवर आदळतो आणि तेथेच चिकटतो. म्हणून कागदाच्या छिद्राहून लहान असलेला कणसुद्धा पकडला जातो. पकडलेले कणही पुढे येणाऱ्या कणांस अडवितात. यामुळे थोडी वापरलेली गाळणी कोऱ्या गाळणीपेक्षा काकणभर अधिक चांगली गाळते! वरचेवर गाळणी बदलणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, ते याच कारणामुळे.

कागदास घड्या का घालतात, याचे गणित तुम्हांस सहज करता येईल. एक चौकट २५ सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर रुंद आहे असे समजा. सपाट कागद बसविला तर त्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर होईल. आता त्याच चौकटीत ४ सेंटिमीटर उंचीच्या ५० घड्या घातल्या. प्रत्येक घडीला चढण आणि उतरण अशा दोन बाजू. म्हणजे एका घडीस १६० आणि पन्नास घड्यांस ८,००० चौरस सेंटिमीटर कागद लागला. सोळापट कागद तेवढ्याच जागेत मावला. हलक्या प्रतीचा माल करणारा घड्यांची संख्या कमी करतो. वरून पाहणाऱ्यास दोन्ही गाळण्या सारख्याच दिसतात, पण पस्तीस घड्यांची गाळणी लवकर तुंबते. म्हणून जुनी गाळणी दुकानात बरोबर न्यावी आणि नवीन गाळणीच्या घड्या तिच्याशी ताडून पाहाव्या. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

घड्या सारख्या अंतरावर असाव्या. कोठे दाटी आणि कोठे मोकळे रान असेल तर हवा मोकळ्या जागेतून जाईल आणि उरलेला कागद फुकट जाईल. गाळणी सूर्याकडे किंवा दिव्याकडे धरून पाहावी. चांगल्या कागदातून सर्वत्र सारखा मंद उजेड दिसतो. एखादा प्रखर ठिपका चमकला तर तेथे भोक आहे असे समजावे. कागद आणि चौकट यांच्यामधील डिंकाची रेघ कोठेही तुटलेली नसावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे कडेचा रबरासारखा पट्टा. काकांचे नुकसान कागदाने केले नाही, पट्ट्याने केले. पट्टा मऊ असावा, अंगठ्याने दाबताच दबावा आणि सोडताच पूर्ववत व्हावा. तो डब्याच्या खाचेत चारही बाजूंनी नेमका बसला पाहिजे. खोक्यावरील भाग क्रमांक मोटारीच्या पुस्तिकेतील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. एकाच नावाच्या मोटारीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांस कित्येकदा निरनिराळ्या गाळण्या असतात. नामांकित कंपन्यांच्या खोक्यांची हुबेहूब नक्कलही बाजारात येते. छपाई पुसट असली, पावती देण्यास टाळाटाळ होऊ लागली, की ती वस्तू खाली ठेवावी.

गाळण्यांची परीक्षा घेण्याची एक आंतरराष्ट्रीय रीत ठरलेली आहे. तिचा क्रमांक आयएसओ ५०११ असा आहे. तीत ठरावीक आकाराच्या कणांची धूळ गाळणीवर सोडतात आणि किती अडली, किती निसटली, याचे वजन करतात. एक गाळणी शंभरांपैकी ९९ भाग धूळ अडविते आणि दुसरी साडेनव्याण्णव. फरक अर्धाच भाग दिसतो, नाही? आता इंजिनाच्या बाजूने हिशेब करा. पहिलीतून एक भाग धूळ आत गेली, दुसरीतून अर्धा भाग. म्हणजे पहिल्या गाळणीने दुप्पट धूळ आत सोडली. जे अडले ते पाहण्यापेक्षा जे निसटले ते पाहणे येथे अधिक उपयोगाचे आहे.

गाळणी किती दिवसांनी बदलावी, याविषयी निरनिराळ्या मोटारींच्या पुस्तिकांत निरनिराळे आकडे असतात. धुळीच्या रस्त्यावर मात्र त्याहून लवकर बदलावी, असेही त्यांतच लिहिलेले आढळते. गाळणी तुंबली की जुन्या, कार्बोरेटरच्या मोटारी अधिक पेट्रोल खात. आजच्या मोटारी आत येणारी हवा मोजूनच इंधन सोडतात. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली केलेल्या चाचण्यांत असे दिसले की, तुंबलेल्या गाळणीमुळे अशा पेट्रोल मोटारींचा इंधनखर्च फारसा वाढत नाही. त्यांचा वेग घेण्याचा जोर मात्र कमी होतो. चढावर गाडी दमू लागली तर गाळणीचा डबा उघडून पाहण्यास हरकत नाही.

काही जण कागदी गाळणी पाण्याने धुतात. असे कधीही करू नये. कागद फुगतो आणि वाळल्यावर त्याची वीण पूर्वीसारखी राहत नाही. जोराची हवा मारल्यानेही कागदास बारीक चिरा पडतात. तेल लावून वापरावयाच्या कापडी जाळीच्या गाळण्या निराळ्या. त्या धुण्यासाठीच केलेल्या असतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीत इंधन जळतच नाही, म्हणून तिला ही गाळणी नसते. आणि प्रवाशांच्या बाजूस येणाऱ्या गार हवेसाठी जी गाळणी असते ती वेगळी. ती बदलून इंजिनाची गाळणी बदलली असे समजू नये.

गाळणी नीट बसली की नाही, हे पाहण्याची एक युक्ती मेस्त्रीने काकांस शिकविली. काही दिवस मोटार चालवावी, इंजिन थंड झाल्यावर गाळणी बाहेर काढावी आणि तिच्यापलीकडच्या, इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत पांढऱ्या फडक्याने पुसून पाहावे. फडके स्वच्छ निघाले तर काम चोख झाले. त्यावर तांबूस डाग आला तर फट कोठेतरी आहे.

पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी संभवतात. भातशेतीच्या या प्रदेशात उंदीर पुष्कळ. बाहेर पाणी साचले की ते कोरड्या आणि उबदार जागेच्या शोधात निघतात आणि गाळणीच्या डब्यात पेंढा, चिंध्या आणून घर थाटतात, कागदही कुरतडतात. म्हणून मोटार बरेच दिवस उभी राहिली असेल तर डबा एकदा उघडून पाहावा. दुसरी गोष्ट पुराच्या पाण्याची. कुंडलिका दुथडी भरून वाहू लागली आणि रस्त्यावर पाणी चढले की काही चालक धाडसाने मोटार पाण्यात घालतात. गाळणी धूळ अडविते, पाणी अडवीत नाही. हवा दाबली असता आकसते, पाणी आकसत नाही. पाणी सिलिंडरमध्ये शिरले तर वर येणारा दट्ट्या त्यावर आदळून थांबतो आणि त्यास जोडलेला पोलादी दांडा वाकतो. मोटार पाण्यात बंद पडलीच, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. ढकलून कोरड्या जागी आणावी, मेस्त्रीस बोलवावे आणि प्रथम गाळणीचा डबा उघडावा. गाळणी ओली असेल तर पाणी पुढे गेले असण्याचा संभव आहे.