पहिले साठ फूट

पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा सेकंदावर पळतो. शेजारी दुसरा गाडा नसतो. आपली बारी किती सेकंदांत बसली, एवढ्यावर मालकाची गावातली इज्जत ठरते. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसचा स्वभाव याच जातकुळीतला. रस्ता नाकासमोर सरळ, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी पळतात खऱ्या, पण चालक जपून ठेवतो ती शेवटी हातात पडणारी वेळेची चिठ्ठी. एकाच गाडीच्या आजोबा-नातवंडांना एकमेकांशी लढवायचं असेल, तर याहून सोपी परीक्षा नाही, असं वाटतं. ती सोपी नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख.

उदाहरणाला शेवरोले कॉर्व्हेट घेऊ. १९५३ पासून आठ पिढ्या, आणि प्रत्येक पिढीची गाडी कोणी ना कोणी त्या पाव मैलावर पळवलेली. शेवरोलेची बीट आपल्या तळेगावात बनायची. कॉर्व्हेट मात्र कंपनीने भारतात कधी विकायला आणली नाही. त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांची तिच्याशी ओळख पडद्यावरचीच.

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात ती पहिल्यांदा लोकांना दिसली. त्या वर्षी ३०० गाड्या बनल्या, सगळ्या पांढऱ्या. रूप वाघाचं, पण पोटात सहा सिलिंडरचं १५० अश्वशक्तीचं इंजिन आणि दोनच गिअरची ऑटोमॅटिक पेटी. ताशी ६० मैल गाठायला सुमारे ११ सेकंद, पाव मैलाला १८ च्या आसपास. आजची टर्बो इंजिनाची बरी हॅचबॅक तिला सिग्नलवरच मागे टाकेल.

तिला दात आणले ते झोरा आर्कस-डंटोव्ह या अभियंत्याने. १९५५ मध्ये व्ही-एट इंजिन आलं. १९५७ मध्ये फ्युएल इंजेक्शन आलं आणि २८३ घन इंचांतून २८३ अश्वशक्ती निघाली. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा फुगतच गेला. १९६७ च्या ‘एल-८८’ या प्रकारात सात लिटरचं इंजिन होतं. कागदावर ४३० अश्वशक्ती, प्रत्यक्षात पाचशेच्या वर. तिच्याहून सौम्य इंजिनाची जाहीर ताकद ४३५ होती. म्हणजे भलत्या माणसाने नुसता आकडा पाहून एल-८८ मागू नये, अशी सोय. वर रेडिओ नाही, हीटरही नाही. अशा फक्त २० गाड्या विकल्या गेल्या.

इथे पहिली अडचण येते. पिढ्यांची तुलना करणारे अश्वशक्तीचे आकडे एका रांगेत मांडतात, आणि ती रांगच खोटी असते. १९७१ पर्यंत अमेरिकेत इंजिन सुटं, टेबलावर बसवून, एअर फिल्टर आणि सायलेन्सरचं ओझं न लावता मोजत. १९७२ पासून ते गाडीत असतं तशा अवस्थेत मोजू लागले. कॉर्व्हेटचं साधं इंजिन १९७१ मध्ये २७० अश्वशक्तीचं होतं. पुढच्या वर्षी जवळजवळ तेच इंजिन २०० चं झालं. एका रात्रीत ७० घोडे पळून गेले, आणि तबेल्याचं दार कोणी उघडलंही नव्हतं.

पुढे मात्र घोडे खरोखरच गेले. प्रदूषणाचे नियम, शिसेविरहित पेट्रोल, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटमध्ये १६५ अश्वशक्ती उरली आणि पाव मैलाची वेळ सोळा सेकंदांच्या घरात गेली. आर्कस-डंटोव्ह निवृत्त झाले तेही त्याच वर्षी.

दुसरी अडचण घड्याळाची. ड्रॅग पट्टीवर पुढचं चाक प्रकाशाच्या एका झोताला आडवं उभं असतं. झोत मोकळा झाला की घड्याळ सुरू होतं; तोवर गाडी साधारण फूटभर पुढे आलेली असते. त्या फुटात दोन-तीन दशांश सेकंद जातात, आणि अमेरिकेतल्या कंपन्या नि मासिकं ते ‘शून्य ते साठ’च्या आकड्यातूनही सर्रास वजा करतात. त्यात पट्टीच्या डांबरावर चिकट द्रव फवारलेला असतो. त्यावर चालताना चप्पल मागे राहावी, इतका चिकट. अशा पट्टीवरची वेळ आणि साध्या रस्त्यावरची वेळ यांची सोयरीक जुळत नाही.

मग तुलना करायची कशी? माझं मत, चिठ्ठी वरून खाली वाचावी. तिच्यावर पहिल्या ६० फुटांची वेळ वेगळी दिलेली असते, आणि तळाशी पाव मैलाची वेळ व तिथला वेग. शेवटचा वेग इंजिनाची ताकद सांगतो. पहिले साठ फूट सांगतात ते पकडीबद्दल: ताकद रस्त्यापर्यंत पोचली, की टायरच्या धुरातच विरली. सुरुवातीला गमावलेला एक दशांश शेवटी साधारण दीडपट होऊन अंगावर येतो. मागे राहिलेली गाडी पुढचं सगळं अंतर मागेच असते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीची पकड त्या चाकांवर किती वजन आहे यावर ठरते. कॉर्व्हेटचं इंजिन सात पिढ्या नाकात होतं, म्हणजे वजन नको तिथे. एल-८८ वाल्याला अरुंद, जुन्या धाटणीच्या टायरांवर पाचशे अश्वशक्ती सांभाळत अॅक्सिलरेटरवर पाय जपून ठेवावा लागे. १९९७ च्या पाचव्या पिढीत गिअरबॉक्स उचलून मागच्या आसाला नेला आणि वजनाची वाटणी जवळपास निम्मी-निम्मी झाली. माझ्या लेखी त्या पिढीचं खरं कर्तृत्व हे; तिच्या ३४५ अश्वशक्तीचं कौतुक उगाच जास्त होतं.

२०१९ च्या सातव्या पिढीच्या ‘झेडआर-१’ मध्ये ७५५ अश्वशक्ती होती, इंजिन पुढे. वर्षभरात आलेल्या आठव्या पिढीच्या साध्या गाडीत ४९५, पण इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि साठ टक्के वजन मागच्या चाकांवर. कंपनीचेच आकडे पाहा. ताशी ६० मैल: झेडआर-१ ला २.८५ सेकंद, साध्या गाडीला २.९. दोनशे साठ अश्वशक्ती जास्त, आणि पदरात पडले पाच शतांश. पाव मैलाच्या टोकाला मात्र ताकद आपलं मोल वसूल करते: झेडआर-१ चे १०.६ सेकंद आणि ताशी २१६ किलोमीटर, तर साध्या गाडीचे ११.२ आणि १९५. दोन्ही गाड्या मनात शेजारी पळवून बघा. ६० मैलांपर्यंत खांद्याला खांदा, नंतर एक हळूहळू निसटते.

इंजिन पाठीमागे असावं, हा आर्कस-डंटोव्ह यांचा १९६० पासूनचा हट्ट. त्यांनी प्रायोगिक गाड्या बनवूनही दाखवल्या, पण विक्रीची कॉर्व्हेट काही बदलली नाही. ते १९९६ मध्ये गेले. त्यांच्या अस्थी केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात आहेत, आणि जिथे आता मधोमध इंजिनाची कॉर्व्हेट बनते तो कारखाना तिथून हाकेच्या अंतरावर.

त्यानंतर ‘ई-रे’ आली. तिच्या पुढच्या चाकांना विजेची मोटर, एकूण ६५५ अश्वशक्ती. ६७० अश्वशक्तीच्या ‘झेड-०६’ पेक्षा ती जड, तरी साठपर्यंत २.५ विरुद्ध २.६ सेकंदांनी पुढे, कारण चारही चाकं ओढतात. नंतरच्या १०६४ अश्वशक्तीच्या नव्या झेडआर-१ चा दावा ९.६ सेकंदांचा आहे. तिच्यापुढची चारही चाकांनी ओढणारी ‘झेडआर-१ एक्स’ तयार पट्टीवर नऊच्या आत. क्लच कधी सोडायचा, हा निर्णय आता संगणक घेतो. आठव्या पिढीला हाताचा गिअर मिळतच नाही. वेळ कमी झाली, हे मान्य. पण १९६७ च्या चिठ्ठीवर चालकाच्या डाव्या पायाची सहीही असायची.

एक प्रयोग मला पाहायचा आहे. एल-८८ ला आजचे रुंद, मऊ टायर चढवावेत आणि पहिले साठ फूट मोजावेत. साठ वर्षांतली प्रगती रबराची किती आणि लोखंडाची किती, ते तरी कळेल. पण त्या वीसपैकी एक गाडी २०१४ च्या लिलावात ३८.५ लाख डॉलरना गेली. तेवढे पैसे मोजलेला माणूस तिला झाकून ठेवतो. चार हजार फेऱ्यांवर क्लच सोडत नाही.