शेतावरच्या पंपालाही हवा स्वतःचा पत्ता

शेतावर कॅमेरा आणि विहिरीवर मोबाइलने चालू होणारा पंप ही आता केवळ शहरवाल्यांची चैन राहिलेली नाही. पळसदरीचा शेतकरी कर्जतच्या बाजारात उभा राहून पंपाचे बटण दाबू शकतो. मात्र तो हुकूम नेमका पंपापर्यंत पोहोचायचा तर पत्ता हवा. इंटरनेटवरच्या या पत्त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात.

त्याची मांडणी पिनकोडसारखी आहे. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. कर्जतच्या ४१०२०१ मध्ये पहिले तीन आकडे टपाल छाननीचा जिल्हा सांगतात, शेवटचे तीन टपाल कार्यालय. आयपीतही आधीचा भाग जाळ्याचा, पुढचा त्यातल्या यंत्राचा.

वाटप उतरंडीने होते. जागतिक साठा 'आयाना'कडे, तिथून आशिया-पॅसिफिकसाठी ब्रिस्बेनच्या 'ॲपनिक'कडे, भारतात 'इरिन'मार्फत इंटरनेट कंपन्यांकडे आणि शेवटी आपल्याकडे. पण हा काही सातबारा नव्हे. कंपनी बदलली की पत्ता गेला!

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे चौथ्या आवृत्तीच्या पत्त्यात ० ते २५५ पर्यंतचे चार आकडे असतात. असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. आयानाचा साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला. तेव्हा कंपन्यांनी तोड काढली, एकाच पत्त्यावर अनेक गिऱ्हाईके बसवायची. एका सामाईक गट नंबरात अनेक खातेदार, तसलाच प्रकार. आतून बाहेर जाता येते, पण बाहेरून थेट आपल्या पंपापर्यंत येता येत नाही. मग कॅमेरा बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर मध्यस्थ होतो. तो बंद पडला की चित्रही बंद.

यावर उपाय सहाव्या आवृत्तीचा. यात चार-चार चिन्हांचे आठ गट असतात. आकडे ० ते ९ आणि अक्षरे ए ते एफ. सहसा पहिले चार गट जाळ्याचे, उरलेले चार यंत्राचे. एकूण पत्ते ३४० वर ३६ शून्ये! प्रत्येक पंपाला स्वतंत्र पत्ता दिला तरी संपायचे नाहीत.

शेतकऱ्यांनी आणि ग्रामपंचायतींनी खरेदीपूर्वी एवढे विचारावे: जोडणीला सहाव्या आवृत्तीचा पत्ता मिळतो का? यंत्राला तो चालतो का? राउटरवर बाहेरचा पत्ता १० ने सुरू होत असेल, किंवा पहिला आकडा १०० आणि दुसरा ६४ ते १२७ मधला असेल, तर तो सामाईक समजावा. स्थिर पत्ता हवा असल्यास जादा आकार किती, तेही लिहून घ्यावे.

आणि एक. स्वतःचा पत्ता म्हणजे रस्त्यालगतचे दार. राउटरची फायरवॉल चालू ठेवा, यंत्राबरोबर आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. नाहीतर पंप तुमचा आणि बटण दुसऱ्याच्या हाती!