रुग्ण आणि संशोधन (लेखांक ४) : थकवा यादीत कसा आला

ऱ्हुमॅटॉइड संधिवातावरचे औषध लागू पडले की नाही, हे ठरवायचे तर काहीतरी मोजावे लागते. पूर्वी जो तो संशोधक आपल्या पसंतीचे माप वापरी, त्यामुळे एका चाचणीचा निकाल दुसरीशी ताडून पाहता येत नसे. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९९२ मध्ये नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे तज्ज्ञांची परिषद भरली आणि त्यातून ‘ओमेरॅक्ट’ हे आंतरराष्ट्रीय व्यासपीठ उभे राहिले. किती सांधे सुजले, किती दाबल्यावर दुखले, वेदना किती, रोजची कामे कितपत जमतात, रक्ताच्या तपासणीत दाह किती, अशी मोजायच्या गोष्टींची यादी ठरली. यादी विचारपूर्वक केलेली होती. ती करणाऱ्यांत रुग्ण मात्र नव्हते.

दहा वर्षांनी, २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथील परिषदेला प्रथमच अकरा रुग्णांना बोलावले गेले. यादीत काय राहिले आहे, असे विचारल्यावर त्यांनी झोप आणि एकंदर बरे वाटणे यांचा उल्लेख केला. पण सर्वांत ठळकपणे पुढे आला तो थकवा. डॉक्टरांच्या लेखी थकवा म्हणजे वेदनेची किंवा रक्तक्षयाची सावली होती, स्वतंत्रपणे मोजावी अशी गोष्ट नव्हती. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे रुग्णांच्या सविस्तर मुलाखती झाल्या, तेव्हा वेगळेच चित्र दिसले. हा थकवा कष्टाने येत नाही आणि विश्रांतीने जातोच असे नाही. कधीकधी तो अचानक येऊन माणसाला पार गलितगात्र करून टाकतो. अनेकांनी तो डॉक्टरांना सांगितलाही नव्हता, कारण त्यावर काही उपाय असेल असे त्यांना वाटत नव्हते. न सांगितलेले लक्षण केसपेपरवर येत नाही आणि केसपेपरवर नसलेल्या गोष्टीकडे संशोधनाचेही लक्ष जात नाही.

२००६ मधील माल्टाच्या परिषदेत, या संधिवाताच्या चाचण्यांत शक्य तेथे थकवाही मोजावा, अशी शिफारस मान्य झाली. पुढे ब्रिस्टलच्या गटाने रुग्णांच्याच बोलण्यातून २० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली. शरीराचा थकवा, रोजच्या जगण्यावरचा परिणाम, विचार करताना होणारा गोंधळ आणि मनावरचा ताण अशी चार अंगे तीत वेगळी मोजली जातात.

संशोधकांच्या बरोबरीने काम करणे रुग्णांना सोपे गेले असे नाही. संख्याशास्त्राची परिभाषा अंगावर येते. म्हणून परिषदेसाठी सोप्या भाषेतला शब्दसंग्रह करावा लागला. ज्या आजारात सकाळी सांधे आखडलेले असतात, त्या आजाराच्या बैठका सकाळी लवकर सुरू करून दिवसभर चालवणे म्हणजे थकव्यावरच्या चर्चेत थकव्याचाच विसर पडणे. ज्यांच्याकडून उपचार घ्यायचे त्याच डॉक्टरांचे मत सर्वांसमोर खोडून काढायला धीर लागतो. शिवाय ‘मी एकटा सर्व रुग्णांच्या वतीने काय बोलणार?’ ही शंका असतेच. दुसरीकडे, आजाराने नोकरी किंवा उमेद हिरावलेल्या काहींना आपल्या भोगण्याचा कोणाला तरी उपयोग होतो, याचे मोठे समाधान मिळते. आजाराविषयीची समज वाढते आणि बोलण्याचा आत्मविश्वासही येतो.

सर्वांत कडवट अनुभव दिखाऊ सहभागाचा. प्रश्न ठरलेले, पद्धत ठरलेली, निधी मंजूर झालेला, आणि मग रुग्णाला पत्रक वाचून सही करायला बोलावायचे. अशा बैठकीतून घरी गेलेला माणूस पुढच्या वेळी येईलच असे नाही. संधिवातविषयक युरोपीय संघटना ‘युलार’ हिने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शिफारशींत प्रत्येक प्रकल्पात निदान दोन रुग्ण-सहकारी असावेत असे म्हटले. दोघे असले की एकाला दुसऱ्याचा आधार मिळतो आणि एकजण आजारी पडला तरी रुग्णांची बाजू मांडायला कोणी उरत नाही, असे होत नाही.

एक पेच अजून सुटलेला नाही. वर्षानुवर्षे संशोधकांत वावरलेला रुग्ण हळूहळू त्यांच्याच भाषेत बोलू लागतो, आणि ज्या वेगळ्या नजरेसाठी त्याला बोलावले तीच बोथट होते, असा आक्षेप घेतला जातो. ठरावीक काळाने नवे रुग्ण घ्यावेत हा त्यावरचा एक उपाय. पण नवख्याला परिभाषा समजेपर्यंत निम्मा प्रकल्प संपतो. अनुभवी आणि नवे असे दोघे एकत्र नेमणे त्यातल्या त्यात सोयीचे ठरते.