'ओके' म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे इंग्रजी न शिकलेल्या माणसालाही एक इंग्रजी शब्द हमखास येतो. भाजीवाल्याला येतो, रिक्षावाल्याला येतो, तीन वर्षांच्या नातवाला येतो आणि त्याच्या पणजीलाही येतो. तो शब्द म्हणजे 'ओके'. शब्द इतका सोपा, की त्याचा अर्थ कोशात पाहावा असं कुणाला वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण आमच्या घरात एक प्रसंग घडला आणि मी या दोन अक्षरांच्या मागे लागलो.

माझी आई रुग्णालयातून घरी यायची होती. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं, "आजी, रक्तदाबाची जुनी गोळी आता बंद. त्याऐवजी ही नवी घ्यायची. ओके?" आई म्हणाली, "ओके." चार दिवसांनी तिला उठताना चक्कर आली. पाहतो तर ती जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेत होती. मी म्हटलं, "अगं, तू डॉक्टरांना ओके म्हणालीस ना?" तिचं उत्तर असं : "ते बोलत होते, मी ऐकत होते. समोरचा एवढं सांगतोय, तर मधे 'बरं' म्हणायला नको का?"

आईचं काही चुकलं नव्हतं. डॉक्टरांनी 'ओके' हा शब्द 'समजलं का?' या अर्थाने वापरला. आईने तो 'ऐकते आहे' या अर्थाने परत केला. शब्द एकच, अर्थ दोन.

या शब्दाचा जन्मच मुळी थट्टेतून झाला. १८३०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बोस्टन शहरात वर्तमानपत्रांना एक खूळ लागलं होतं. शब्द मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगने लिहायचे आणि त्यांची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट' म्हणजे 'सगळं बरोबर'. त्याचं विनोदी स्पेलिंग केलं 'ओल कोरेक्ट' आणि त्याचं झालं ओ. के.! २३ मार्च १८३९ रोजी 'बोस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ही अक्षरं या अर्थाने छापली गेली. ॲलन वॉकर रीड या अमेरिकी भाषाअभ्यासकाने १९६०च्या दशकात जुनी वर्तमानपत्रं धुंडाळून हा माग काढला. 'सगळं बरोबर' सांगणारा शब्द स्वतः मात्र दोन्ही अक्षरांनी चुकलेला, ही त्यातली गंमत.

अशी खुळं येतात आणि जातात. हा शब्द टिकला, त्याला एक निवडणूक कारण झाली. १८४० साली अमेरिकेचे अध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा निवडणुकीला उभे होते. ते न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहुक गावचे. समर्थकांनी त्यांना 'ओल्ड किंडरहुक' म्हटलं आणि त्याचीही आद्याक्षरं ओ. के. अशीच आली. 'ओ. के. क्लब' निघाले. व्हॅन ब्युरेन पडले. शब्द मात्र निवडून आला तो कायमचा.

आज तो किती कामं करतो पाहा. साहेबांचा 'ओके' मिळाला, म्हणजे मंजुरी. फाइल ओके केली, म्हणजे तपासून पुढे पाठवली. पडलास, पण ओके आहेस ना, म्हणजे लागलं नाही ना. सिनेमा कसा होता? 'ओके', म्हणजे पैसे अगदीच वाया गेले नाहीत इतकंच! 'ओके, ठेवतो', म्हणजे बोलणं संपलं. ट्रकच्या पाठीवर तो 'हॉर्न' आणि 'प्लीज' यांच्या मधे जाऊन बसला. हॉर्नच्या गोंगाटाला उत्तेजन नको म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने २०१५ साली ती ओळ लिहायला बंदी केली. आणि मोबाईलच्या पडद्यावर 'ओके'चं बटण दाबलं, की आपण न वाचलेल्या मजकुराला संमती दिलेली असते.

आपण त्याला इतक्या सहज घरात घेतलं, कारण आपल्याकडे त्याचा सख्खा भाऊ आधीपासून होता. तो म्हणजे 'बरं'. आता बरं वाटतंय, बरं झालं आलास, बरं, पुढे काय झालं, येतो बरं का, आणि सासूने सांगितलेल्या कामाला सुनेने दिलेलं कोरडं 'बरं'! यातलं कुठलं 'बरं' होकार आणि कुठलं नुसता हुंकार, हे आवाजावरून आणि चेहऱ्यावरून कळतं. चेहरा दिसत नसेल तर?

२७ मार्च १९७७. स्पेनच्या ताब्यातल्या टेनेरीफ बेटावरचा विमानतळ. शेजारच्या बेटावरच्या विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने बरीच विमानं इकडे वळवलेली. दाट धुकं. एकाच धावपट्टीवर के. एल. एम. आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन जंबो जेट, एकमेकांना न दिसणारी. के. एल. एम.च्या सहवैमानिकाने नियंत्रण कक्षाला कळवलं, की आम्ही आता 'टेक-ऑफ'ला आहोत. नियंत्रकाला वाटलं, विमान उड्डाणाच्या जागी उभं आहे. तो म्हणाला, "ओके", आणि क्षणभर थांबून त्याने 'थांबा, मी कळवतो' असं सांगितलं. पण नेमकं त्याच वेळी पॅन ॲमचं विमानही रेडिओवर बोललं, दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून कर्कश शिट्टी झाली आणि के. एल. एम.च्या वैमानिकांना स्पष्ट ऐकू आलं ते फक्त "ओके". त्यांचं विमान तर धावू लागलंच होतं. टकरीत ५८३ माणसं गेली.

हा अपघात एका शब्दामुळे झाला असं म्हणणं अन्यायाचं होईल. धुकं होतं, घाई होती, परवानगीआधीच विमान सुटलं होतं. पण जगाने त्यातून भाषेचाही धडा घेतला. 'टेक-ऑफ' हा शब्द आता उड्डाणाची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच उच्चारायचा. एरवी 'डिपार्चर' म्हणायचं. विमानांच्या रेडिओभाषेत वेगवेगळ्या अर्थांना वेगवेगळे शब्द आहेत. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, एवढंच. 'विल्को' म्हणजे ऐकलं, आणि तसं करतो. 'अफर्म' म्हणजे होय. आणि महत्त्वाची सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची. नुसतं 'ओके' चालत नाही.

घरात आपल्याला 'रॉजर' आणि 'विल्को' म्हणायची गरज नाही. 'ओके' राहू दे. गोड शब्द आहे. पण जिथे औषध आहे, पैसा आहे, सही आहे, तिथे त्यावर थांबू नये. 'समजलं का?' असं विचारलं तर उत्तर 'ओके' येणारच. त्याऐवजी 'आता तुम्ही काय करणार, सांगा बरं' असं विचारावं. काही डॉक्टर हल्ली रुग्णाला असंच विचारतात.

पुढच्या तपासणीला आईला मी हेच शिकवून नेलं. डॉक्टरांचं सांगून झालं, ओके का म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, "थांबा, मी म्हणून दाखवते. पांढरी सकाळी, पिवळी रात्री, जुनी बंद." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "बरोबर!"

'ऑल करेक्ट' म्हणतात ते हेच.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)