बालशिक्षिकेची उमेदवारी

सुतारकाम असो, विणकाम असो अथवा छापखान्यातील जुळणी असो, जाणत्या माणसाच्या हाताखाली राबून काम आत्मसात करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. तिलाच उमेदवारी म्हणतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये या रीतीस कायद्याचे अधिष्ठान लाभले. करार, ठरावीक मुदत, विद्यावेतन आणि प्रत्यक्ष कामास सैद्धान्तिक शिक्षणाची जोड ही तिची प्रमुख अंगे होत. तीन ते सहा वर्षांच्या बालकांना शिकविण्याचे कामही उमेदवारीनेच साध्य होते, ही गोष्ट मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही.

भावनगर ते कोसबाड

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास याची साक्ष देतो. कै. ताराबाई मोडक या राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्या होत्या. ते पद सोडून त्या भावनगरला गेल्या आणि कै. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात त्यांच्यासमवेत काम करू लागल्या. अध्यापिका घडविणाऱ्या विदुषीने बालकांमध्ये बसून पुन्हा पहिल्यापासून शिकण्यास प्रारंभ केला.

१९४५ मध्ये ताराबाईंनी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याच वर्षी कै. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंच्या गाठी शाळेत शिकविण्याचा अनुभव होता, परंतु खेड्यातील लहान मुलांचे शिक्षण हे क्षेत्र त्यांना नवे होते. ते त्या ताराबाईंच्या सहवासात शिकल्या. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेण्यात आली. शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच शिक्षणाची साधने झाली. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या मुलांमध्ये वाढले. १९७३ मध्ये ताराबाईंचे निधन झाले, त्यानंतर अनुताईंनी ते समर्थपणे पुढे नेले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव मिळाले.

पुस्तकात न सापडणारा भाग

बालमानसशास्त्राची तत्त्वे व्याख्यानांतून समजतात. परंतु चार वर्षांचे मूल चिंचोके आणि सागरगोटे वेगळे करताना चुकले, तर त्याचा हात धरावा की थांबावे, हे व्याख्यानातून उमगत नाही. नवशिकी शिक्षिका बहुधा तत्काळ चूक दुरुस्त करते. अनुभवी शिक्षिका थांबते, आणि क्षणभराने ते मूल स्वतःच चिंचोका उचलून योग्य ढिगात टाकते. आईचा पदर न सोडणारे मूल, घरची बोली निराळी असल्याने गप्प बसणारे मूल, सदैव मारामारी करणारे मूल यांच्याशी कसे वागावे, हेही जाणत्या शिक्षिकेशेजारी बसूनच कळते.

मदतनिसाची पाच वर्षे

या दृष्टीने अंगणवाडीतील मदतनिसाच्या पदाकडे नव्याने पाहण्याची आवश्यकता आहे. मुलांना घरून आणणे, झाडलोट करणे, आहार शिजविणे व वाढणे ही तिची रूढ कामे. परंतु ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या अभियानाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पाच वर्षांचा अनुभव असलेल्या मदतनिसांमधून, इतर अटींच्या अधीन राहून, सेविकांची निम्मी पदे पदोन्नतीने भरावयाची आहेत. म्हणजेच आजची मदतनीस ही उद्याची शिक्षिका आहे.

कायद्याच्या अर्थाने ती शिकाऊ उमेदवार नव्हे. परंतु ही पाच वर्षे केवळ चूल आणि केरसुणी यांतच गेली, तर पदोन्नतीच्या दिवशी ती बालकांसमोर अननुभवीच उभी राहील. त्याची किंमत मुलांना मोजावी लागेल.

उमेदवारीचे टप्पे

ही पाच वर्षे सार्थकी लावण्यास क्रमबद्ध योजना पुरेशी आहे. प्रथम मदतनिसाने रोज काही वेळ केवळ निरीक्षण करावे. पुढे पाच-सहा मुलांचा गट घेऊन गाणे, गोष्ट वा बियांचा खेळ घ्यावा व सेविकेने ते दुरून पाहावे. त्यानंतर आठवड्यातून एक दिवस सर्व मुलांचे सत्र तिने चालवावे. मुले घरी गेल्यावर दोघींनी दहा मिनिटे बसून आजच्या दिवसाविषयी बोलावे. या संभाषणावाचून अनुभवाचे ज्ञानात रूपांतर होत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये बारावी उत्तीर्ण सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिक्षण असलेल्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुचविण्यात आला आहे. हे शिक्षण दूरस्थ पद्धतीचे असले तरी महिन्यातून किमान एक संपर्कवर्ग घ्यावा, असे धोरण सांगते. तो वर्ग नोंदवह्या तपासण्यातच संपू नये, याची दक्षता पर्यवेक्षिकांनी घेणे अगत्याचे आहे.

गावाचा वाटा

स्वयंपाकाच्या वेळी मदतनिसाने मुलांत बसावे कसे, ही अडचण खरी आहे. जेथे आहार बचत गटामार्फत शिजविला जातो, तेथे हा वेळ सहज काढता येईल. अन्यत्र सत्राची वेळ व स्वयंपाकाची वेळ यांची फेरमांडणी करावी लागेल. तसेच, मानधनावर काम करणाऱ्या या स्त्रीवर केवळ कामाचा बोजा वाढविणे म्हणजे उमेदवारी नव्हे. तिच्या शिकण्यास वेळ, मार्गदर्शन आणि मान्यता हवी.

ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करावयाचा असतो. त्यातून खेळांची साधने, गोष्टींची पुस्तके, बसावयास सतरंजी अशा गोष्टी घेता येतील. प्राथमिक शिक्षकांनी महिन्यातून एखादा तास अंगणवाडीत घालवावा. पहिलीच्या वर्गात येणाऱ्या मुलांची ओळख त्यांनाही आधीच होईल.

अंगणात भरलेल्या बालवाडीला इमारतीची वाट पाहावी लागली नाही. तिला शिकवणारी आणि शिकणारी अशा दोघी जणी मिळाल्या होत्या. आज गावोगावच्या अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी जणी आहेतच. त्यांच्यात हे नाते जुळवून देणे एवढेच कार्य उरले आहे.